चौदा नंबरची सही

१

नोटीसवही फिरवण्याची एक रीत आहे. दार वाजवायचं नाही. उंबऱ्याशी उभं राहायचं आणि शिकवणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. मग दोन पावलं आत जाऊन वही उघडी आणि सुलटी हातात द्यायची. पोरांकडे बघायचं नाही. सही झाली की वही मिटून पुढची खोली. विश्वंभरने ही रीत एकेचाळीस वर्षं पाळली होती. एक दिवस सोडून.

बडोद्यात शाळेच्या शिपायाला पटावाळा म्हणतात. विश्वंभर या शाळेचा पटावाळा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण संस्थेने त्याला सोडलं नाही आणि त्यानेही शाळा सोडली नाही. अडुसष्टाव्या वर्षीही त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लागलेली असे आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला असे.

एप्रिलातला सोमवार होता. आचार्य, म्हणजे मुख्याध्यापिका, हेतलबेन यांनी वही पुढे केली.

"काका, ही नोटीस बधे क्लासमध्ये फिरवून या ने. आजची जरा मोठी आहे."

नोटीस काय आहे ते विश्वंभरला माहीत होतं. जूनपासून शाळा गोत्रीच्या नव्या इमारतीत जाणार. मराठी माध्यम बंद. येत्या शनिवारी दहा वाजता जुन्या इमारतीत शेवटची सभा, माजी विद्यार्थ्यांना आमंत्रण. नोटिशीखाली एक ते नऊ आकडे लिहिले होते. चालू वर्ग नऊच उरले होते.

तो फिरला. आठ खोल्यांतून कोणी उसासा टाकला, कोणी नुसतीच सही केली. नववी खोली जनार्दन सरांची. मराठी माध्यमाची शेवटची तुकडी त्यांच्याकडे होती, अकरा मुलं.

सरांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काका, आजवर तुम्ही आमच्या सुट्टीच्या नोटिसा आणल्यात. आज शाळेलाच सुट्टी आणलीत."

"मी फक्त आणतो, सर. लिहिणारे वेगळे."

"तेही खरं," सर म्हणाले आणि सही केली.

विश्वंभर ऑफिसात परतला. हेतलबेननी बोट लावून सह्या मोजल्या आणि मान वर केली.

"काका, क्लास नऊ. सह्या दहा कशा?"

त्याने वही आपल्याकडे फिरवली. नवव्या आकड्याखाली, जिथे आकडा नव्हता तिथे, दहावी सही होती. तेवढ्याच जागी कागद ओला होऊन लाटेसारखा उठला होता.

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. मैदानातल्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं.

"कोणीतरी दोनदा केली असेल," हेतलबेन म्हणाल्या. त्यांना मराठी वळणाची सही लागत नसे. त्यांनी वही मिटली.

विश्वंभरला मात्र ती लागली होती.

२

विश्वंभरचे वडील रेल्वेत गँगमन होते. बदल्या होत गेल्या आणि तिसरीतच त्याची शाळा सुटली. शिकलेली चार अक्षरंही पुढे विसरली. शाळेत नोकरीला लागला तेव्हा तो हजेरीपत्रकावर अंगठा उठवत असे.

ज्याला वाचता येत नाही त्याला सही म्हणजे चेहरा असतो. कोणाची सही फेंगडी, कोणाची ताठ, कोणाची घाईत निघालेली. एकेचाळीस वर्षांत शे-सव्वाशे मास्तर-बाई येऊन गेले. नावं विसरली असतील, सह्या नाहीत.

ही दहावी सही स्नेहलता प्रधान यांची होती. सुरुवातीला एक उंच अक्षर, मग इंजिनामागे डबे धावावेत तशी पुढची अक्षरं, खाली आडवी रेघ आणि रेघेच्या उजव्या टोकाला वेळ. सहीपुढे वेळ घालणाऱ्या अख्ख्या शाळेत त्या एकट्याच होत्या.

"मला कधी कळलं ते कागदावर असावं," त्या म्हणायच्या.

ओल्या कागदावरही वेळ होती. १.५०. विश्वंभरने ऑफिसातल्या घड्याळाकडे पाहिलं होतं. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

बाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

शाळेची पुढची इमारत संस्थानाच्या काळातली. कमरेएवढं दगडी जोतं, उंच छत, खिडक्यांना वर रंगीत काचा, पायांनी मधोमध झिजलेला सागवानी जिना. ती बांधली तेव्हा शंभर-दीडशे वर्षं टिकेल अशीच बांधली होती आणि टिकलीही. मागची इमारत स्वातंत्र्यानंतरची. पोरं वाढली, जागा पुरेना, म्हणून मैदानाच्या टोकाला विटांच्या पाच खोल्या काढल्या. वर पत्रा. बांधणाऱ्याने घाई केली आणि जोतं हातभरच ठेवलं. त्यामागे भिंत आणि भिंतीपलीकडे कांस, म्हणजे पावसाचं पाणी विश्वामित्रीला नेणारा मोठा नाला.

पोरं कमी झाली तशा त्यांतल्या पहिल्या चार सामानाला गेल्या; वर्गाची उरली ती शेवटची खोली, चौदा नंबर. बाईंची. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की तिथे घंटा ऐकू येत नसे. म्हणून चौदा नंबरला सगळं काही वहीनेच कळायचं.

त्या खोलीत आता कोणी बसत नव्हतं. जुनी दप्तरं तिथे टाकली होती आणि दाराला कुलूप होतं. किल्ली विश्वंभरच्या कमरेला होती.

तो तासभर स्वतःला समजावत राहिला. कोणा माजी विद्यार्थ्याने गंमत केली असेल. जुनी सही कोणी गिरवली असेल. पण वही त्याच्या हातातून फक्त नऊ हातांत गेली होती. त्या नवांतल्या कोणीही स्नेहलताबाईंना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

३

"शाळेतच जीव ठेवून आलात का?" रात्रीचं ताट वाढताना चारुलता म्हणाली. ती त्याची बायको. दांडिया बाजारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं एवढंच बोलणं होत आलं होतं. ती बोले, तो जेवे.

"भूक नाही."

"शनिवारनंतर काय करणार आहात? घरात घंटा बांधू का?"

तो हसला नाही. तिनेही जास्त ओढलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेतलबेननी त्याला बोलावलं.

"काका, स्नेहलताबेनची मुलगी शनिवारी येणार. अवंती. गोत्रीला राहते, दातांची डॉक्टर आहे. तिने एकच वस्तू मागितली आहे. पुराच्या दिवसाची नोटीसवही. तिच्या मम्मीची शेवटची सही त्यात आहे ने, ती तिला घरी ठेवायची आहे. चौदा नंबरमध्ये असेल. शोधाल?"

विश्वंभरचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"काका?"

"शोधतो."

ती सही बाईंची नव्हती. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

त्याला अक्षर शिकवलं ते बाईंनीच. दोन वर्षं, मधल्या सुट्टीनंतरच्या त्यांच्या मोकळ्या तासाला, चौदा नंबरमध्ये. पुस्तक नव्हतं. जुन्या नोटीसवह्या समोर ठेवून. "आधी स्वतःचं नाव," त्या म्हणाल्या होत्या. "नोटिसा नंतर." चाळिशी उलटलेला माणूस पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसे आणि नाव गिरवी. कोणाला कळू नये म्हणून त्या दार लोटून घेत. कोणाला कळलंही नाही.

आणि त्याच बाईंनी पुढे एकदा शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, म्हटलं होतं, "विश्वंभर, वही हातात द्यावी. पेपरवाल्यासारखी टेबलावर टाकू नये. पेपरात निदान बातमी तरी असते." सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. त्यात काही वाईट नव्हतं. पण विश्वंभर मानी माणूस. त्याला ते तीन दिवस टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी पूर आला. पाऊस चार दिवसांचा होता, नदी भरली होती. दीडला तेव्हाचे आचार्य बळवंतराव यांनी वही दिली, "पाणी वाढतंय, शाळा आत्ता सोडा." विश्वंभर तेरा खोल्या फिरला. बाईंच्या वर्गाची मुलं चित्रकलेला पुढच्या इमारतीत आली होती, ती तिथूनच घरी गेली. राहिली चौदा नंबर. मैदानात घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडे त्या खोलीत दिवा लागलेला दिसत होता. बाई वह्या तपासत बसल्या असणार.

तो व्हरांड्याच्या टोकाशी उभा राहिला तेव्हा दोनला दहा कमी होते. घंटा ऐकू येईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. येत नाही हे त्याला माहीत होतं. बसू दे थोडा वेळ, असंही मनात आलं. तेवढंच. तो वळला. ऑफिसात बळवंतरावांनी विचारलं, "सह्या झाल्या?" तो म्हणाला, "झाल्या."

बाई नोटीस आल्याशिवाय वर्ग सोडत नसत. तासाभराने कांसची भिंत पडली. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी सापडल्या, कांसच्या लोखंडी जाळीपाशी.

त्या संध्याकाळी विश्वंभरने वही उघडली. चौदाच्या आकड्यापुढे जागा रिकामी होती. त्याने पेन घेतलं. बाईंचा चेहरा त्याला पाठ होता आणि अक्षर बाईंनीच हातात दिलं होतं. त्याने त्यांची सही केली. वेळ घालायचं मात्र विसरला.

चौकशी झाली. सही पाहिली. बाईंना कळवलं होतं, त्या थांबल्या ती त्यांचीच हट्टी चूक, असं ठरलं. गावानेही तेच धरलं. बाईंचे यजमानही तेच मनात घेऊन गेले. अवंती तेव्हा चौदा वर्षांची होती.

४

बुधवारी दुसरी नोटीस निघाली. शनिवारी बाकं कशी मांडायची, कोणत्या वर्गाने कुठे बसायचं.

या वेळी विश्वंभर मोजत गेला. प्रत्येक सही झाली की आकडा मोठ्याने म्हणायचा. एक. दोन. तीन. शिकवणारे चमकून बघत. पाचव्या खोलीतल्या बेन म्हणाल्या, "काका, मी फर्स्ट आली का?" पोरं हसली. त्याने लक्ष दिलं नाही.

जनार्दन सरांकडे नऊ झाल्या. त्याने पुन्हा वरून खाली मोजल्या. नऊच. वही मिटली, तिला रबर लावलं, काखेत घट्ट धरली आणि निघाला.

ऑफिसकडे जाताना व्हरांडा एका ठिकाणी वळतो. तिथून मैदानापलीकडची मागची इमारत दिसते. विश्वंभर तिथे कधी थांबत नसे. त्या दिवशीही थांबला नाही. पण वळणावर त्याला वही जड झाल्यासारखी वाटली. कोणी टोकाला धरून ओढावी, मग सोडावी, तशी. काखेत गार लागलं.

घाम असेल, त्याने स्वतःला सांगितलं. एप्रिलात माणूस भिजतोच.

मागून सर येत होते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"काका, वही नळाखाली धरलीत की काय? थेंब पडतायत."

विश्वंभरने मागे पाहिलं. वळणापासून त्याच्या पायांपर्यंत फरशीवर थेंबांची रांग होती. गार, गढूळ थेंब. त्यांना गाळाचा वास येत होता. पूर ओसरल्यावर महिनाभर भिंतींना येत असे, तोच.

"नळाला पाणी कुठलं, सर," तो म्हणाला.

सरांनी थेंबांकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचा विनोद त्यांनी केला नाही.

त्याने रबर काढलं. दहा सह्या होत्या. दहावीपुढे १.५०.

त्या रात्री त्याने ठरवलं की अवंतीला सांगायचं, वही वाळवीने खाल्ली. कोणाचं नुकसान नाही. खोटी सही तिच्या घरात भिंतीवर लागायची नाही आणि खरं काय तेही कोणाला कळायचं नाही. एवढं ठरवून त्याने कूस बदलली, पण झोप काही आली नाही. पोरीला आईची म्हणून एकच वस्तू हवी होती. तीही त्याच्या हातची होती.

५

शुक्रवारी शेवटचे तास आटोपले. चार वाजता शाळा रिकामी झाली. विश्वंभर मैदान ओलांडून मागच्या इमारतीकडे गेला.

बाहेरच्या भिंतीवर, त्याच्या छातीएवढ्या उंचीवर, एक पिवळट रेघ होती. पाणी तिथवर आलं होतं. त्याने स्वतः दरवर्षी दिवाळीआधी तिच्यावर चुना मारला होता. संक्रांतीपर्यंत ती पुन्हा वर यायची. मग त्याने नाद सोडला.

कुलूप काढलं. आत दप्तरांचे गठ्ठे, मोडकी बाकं, दोन लोखंडी कपाटं. कपाटांमागे फळा आणि बाईंचं टेबल अजून तसंच होतं. ते दारातून दिसत नव्हतं. खोली कोरडी, तापलेली, धुळीने भरलेली. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता.

तो दाराजवळचेच गठ्ठे सोडू लागला. पाव तास गेला असेल. मग त्याला कळलं की पत्र्याखेरीज आणखी एक आवाज येतो आहे.

वह्या तपासण्याचा आवाज त्याला परका नव्हता. पेनाच्या दोन छोट्या खुणा, एक फराटा, मग पान उलटण्याची सळसळ. पुन्हा दोन खुणा. एक वही संपली की ती बाजूला ठेवल्याचा थापटल्यासारखा आवाज. कपाटांमागून येत होता. घाई नव्हती. वाट पाहताना माणूस वेळ काढतो तसा.

उंदीर, तो मनात म्हणाला. उंदीर कागद कुरतडतात. पण उंदीर कुरतडतो तेव्हा मधेच थांबून विचार करत नाही. हा आवाज थांबत होता आणि मग फराटा येत होता.

त्याला पळता आलं असतं. दार उघडं होतं. पण एकदा या दारापासून तो वळला होता. त्याने गठ्ठे सोडणं चालू ठेवलं.

वही सापडली. निळा पुठ्ठा, वर साल. त्याने पुराच्या दिवसाचं पान काढलं. बळवंतरावांचं अक्षर. खाली एक ते तेरा आणि तेरा सह्या.

चौदापुढे काही नव्हतं.

त्याने पान उजेडाकडे धरलं. खोडलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं, वाळवी लागलेली नव्हती. कागद कोरा होता. जशी जागा त्या संध्याकाळी होती तशीच. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने जे केलं ते जणू कागदाने मान्यच केलं नव्हतं.

त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. दोन श्वासांचं काम. पोरीला सही मिळेल. एकदा केली, पुन्हा करता येईल. त्याने टोपण काढलं.

कपाटामागचा आवाज थांबला.

मग कपाटाच्या कडेतून एक हात बाहेर आला. डावा. मनगटापर्यंत. तळवा वर करून, जरा मागे वळवलेला, मान न वळवता मागच्या माणसाकडून काही घ्यावं तसा. बाई वही अशीच घेत. डोळे तपासायच्या वहीवर आणि डावा हात मागे. नखांत खडू होता. बोटांची टोकं फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली होती. मनगटावरून पाणी ओघळत होतं आणि धुळीत पडत होतं.

हात तसाच राहिला. वाट पाहत.

विश्वंभरचं पेन खाली पडलं. त्याने वही सुलटी केली, उघडी. दोन पावलं पुढे गेला आणि ती हातात ठेवली. टाकली नाही. ठेवली.

नोटीस त्याला पाठ होती. ती त्याने एकेक शब्द करून म्हटली.

"पाणी वाढत आहे. शाळा आत्ता सोडण्यात येत आहे. सर्वांनी पुढच्या दाराने बाहेर पडावे." मग नोटिशीत नव्हतं ते म्हणाला, "बाई, निघा आता."

वही धपकन जमिनीवर पडली.

बऱ्याच वेळाने त्याने कपाटामागे जाऊन पाहिलं. टेबल होतं, खुर्ची होती. दोन्हींवर बोटभर धूळ होती आणि धुळीवर एकही खूण नव्हती. वही उचलली. चौदापुढची जागा कोरीच होती.

बाईंनी नोटीस घेतली नव्हती. खूप उशीर झाला होता. किंवा ती द्यायची होती ती त्यांना नव्हती.

६

शनिवारी सभा झाली. भाषणं झाली, फोटो झाले. माजी विद्यार्थी झिजलेल्या जिन्यावर बसून एकमेकांना ओळखत राहिले. विश्वंभर एका कडेला उभा होता. कोणी पाया पडलं, कोणी खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही नाही बदललात." तो मान हलवे.

अवंती एकच्या सुमाराला त्याला शोधत व्हरांड्याच्या टोकाशी आली. तेहेतीस वर्षांची, आईसारखीच ताठ.

"काका, मिळाली?"

त्याने वही उघडून पुढे केली. तिने बोट एकपासून खाली नेलं. शेवटी बोट थांबलं.

"चौदापुढे काहीच नाही."

"नाही."

"पण सही होती. बाबांनी स्वतः पाहिली होती."

"ती मी केली होती."

तिने मान वर केली. मैदानात कोणीतरी स्पीकरच्या तारा गुंडाळत होतं.

"बाईंना नोटीस गेलीच नाही," विश्वंभर म्हणाला. "मी नेली नाही. इथेच उभा होतो. समोर दिवा दिसत होता. मनात राग होता, छोटासा. घंटा ऐकू येईल म्हणालो आणि वळलो. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या वाट पाहत होत्या."

तिने मैदानापलीकडे, चौदा नंबरकडे पाहिलं. मग तिचा आवाज अगदी खाली आला.

"म्हणजे आई मुद्दाम नव्हती थांबली."

"नाही."

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, तिला यायचं असतं तर ती आली असती. मी पण म्हणायचे. माझ्यापेक्षा तिला वह्या जास्त प्रिय होत्या, असं म्हणायचे मी. मैत्रिणींना सांगायचे, हसत हसत." तिने वही छातीशी धरली. "आईच्या तेराव्याला तुम्ही पंगतीत वाढत होतात. मला आठवतंय. माझ्या पानात लाडू ठेवलात. घे, म्हणालात."

"हो."

"मी रडत नव्हते. सगळे म्हणत होते, पोरगी किती घट्ट आहे. तुम्हाला कळलं होतं मी का रडत नाही ते?"

"कळलं होतं."

"आणि तुम्ही लाडू वाढलात."

 त्याने आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. आता घातली, तर ती वर येईना.

अवंतीने पानाकडे पुन्हा पाहिलं. कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. मग वही मिटली.

"ही मी नेते," ती म्हणाली. "सही नाही तेच बरं आहे."

"मला काही बोला."

"काय बोलू, काका?" ती म्हणाली. "तुम्ही रोज आमच्या दारावरून जायचात."

ती निघाली. चार पावलांवर तिची पर्स खांद्यावरून घसरली आणि वही हातातून सुटून पडली. विश्वंभरने पुढे होऊन उचलली. ती वळली नाही. डोळे पुसत होती. तिने फक्त डावा हात मागे केला, तळवा वर करून.

"द्या."

त्याने वही तिच्या हातात दिली. सुलटी.

७

साडेचारला शाळा रिकामी झाली. विश्वंभरने शेवटची घंटा दिली. ऐकायला कोणी नव्हतं. मग तो कुलपं लावत फिरला. वरचा मजला, जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, जनार्दन सरांची खोली. फळ्यावर सरांनी तारीख तशीच ठेवली होती. त्याने पुसली नाही.

शेवटी तो मैदान ओलांडून चौदा नंबरला गेला. दार शुक्रवारी त्याने उघडंच टाकलं होतं. आत आवाज नव्हता. तो उंबऱ्याशी उभा राहिला, रीतीप्रमाणे. वाक्य पुरं व्हायची वाट पाहत. कोणी काही बोललं नाही.

कालपर्यंत त्याला त्या खोलीत कोणी असेल याची भीती वाटत होती. आज कोणी नसेल याची वाटली.

तो कपाटांमागे गेला. पाय थकले होते. बाईंच्या खुर्चीवरची धूळ त्याने रुमालाने झटकली आणि दाराकडे पाठ करून बसला. या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता. समोर फळा, बाजूला खिडकी. खिडकीतून पुढच्या इमारतीचा व्हरांडा दिसत होता, अगदी टोकापर्यंत. इथून ते टोक एवढं स्पष्ट दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. तिथे उभा असलेला माणूस दिसला असता. वळून गेलेलाही दिसला असता.

दिसला होता तर. एक पन्नासला.

तरी त्या बसून राहिल्या होत्या. येईल, म्हणून.

विश्वंभरने डोळे मिटले. किती वेळ गेला कोणास ठाऊक. पत्रा थंड होत वाजायचा थांबला. गाळाचा वास आला. मागे उंबऱ्याशी पावलं थांबली, ओली. त्याने मागे पाहिलं नाही. पाहायचं नसतं. त्याने डावा हात मागे केला, तळवा वर.

बऱ्याच वेळाने हातावर वही ठेवली गेली. टाकली नाही. ठेवली.

त्याने ती समोर टेबलावर घेतली. पान भिजून पारदर्शक झालं होतं. नोटीस पसरून निळा डाग उरला होता. ती वाचता येत नव्हती आणि वाचायची गरजही नव्हती. खाली एवढीशी जागा कोरडी होती. काल पडून कपाटाखालून घरंगळलेलं पेन पायाशीच सापडलं.

त्याने आपलं नाव लिहिलं, या खोलीत शिकला होता तसं, एकेक अक्षर थांबून. खाली रेघ ओढली. मग मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि रेघेच्या उजव्या टोकाला वेळ घातली. ६.२०.

वही खांद्यावरून मागे धरली. ती घेतली गेली.

शाळा सुटली होती. तरी तो अंधार पडेपर्यंत तिथून उठला नाही.